सुपरहिरो कॉमिक्समधला सगळ्यात भारी समुद्री चाचा खलनायक कोण?

माझं मत सिंग ब्रदरहुडला. फँटम, म्हणजे आपल्या इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ, उभाच मुळी या चाच्यांमुळे राहिला. १५३६ मध्ये ते जहाजावर हल्ला करतात, बापाला मारतात. एकटा वाचलेला मुलगा, म्हणजे पहिला वेताळ, किनाऱ्याला लागतो आणि बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो. पुढे पिढ्यान् पिढ्या तेच वैर. इतका चिवट शत्रू फार थोड्या हिरोंच्या वाट्याला येतो.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका रद्दीवाल्याकडे मामाने किलोवर घेतलेला गठ्ठा माझ्याकडे आला. निम्म्यांना मुखपृष्ठ नाही, एकाच्या शेवटच्या पानावर कुणीतरी पेनाने वेताळाला मिशा काढल्यात. पण वेताळाची कवटीची अंगठी त्याच गठ्ठ्यात पहिल्यांदा बघितली.

दुसरा नंबर ब्लॅक मांटाचा. १९६७ पासून डीसी कॉमिक्सच्या अ‍ॅक्वामॅन या समुद्रातल्या हिरोच्या मागे हात धुवून लागलाय. पाणबुडी, ते भलंमोठं शिरस्त्राण, डोळ्यांतून किरण. लाकडी पाय आणि पोपटवाला चाचा मला तरी हसूच आणतो. मार्व्हलचा कॅप्टन बॅराकुडा (१९६४) त्याच जातीतला, म्हणून तो लक्षात राहत नाही.

जाता जाता, 'चाचा' हा शब्द कोण वापरतंय तेही बघत जा. शाहू महाराजांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, कान्होजी आंग्रे इंग्रजांच्या लेखी चाचेच होते. साताऱ्याच्या दरबारात तसं म्हणून बघायचं होतं कुणीतरी!