तिसरा क्रमांक, पिवळी कार्डं आणि पासपोर्ट : आशियाई चषकाबद्दल वाचकांचे प्रश्न

पुरुषांच्या राष्ट्रीय संघांची आशियाई चषक फुटबॉल स्पर्धा 7 जानेवारी ते 5 फेब्रुवारी 2027 या काळात सौदी अरेबियात आहे. 24 संघ, 51 सामने; शहरं तीन - रियाध, जेद्दा आणि खोबर. भारत या स्पर्धेत नाही, तरी आलेले बरेच प्रश्न भारताबद्दलचेच आहेत. त्यातले काही निवडले आहेत.

प्रश्न : फातोर्ड्याच्या मैदानावर 14 ऑक्टोबर 2025 ला सिंगापूरने आपल्याला 2-1 हरवलं. तेव्हा भारताचे दोन सामने अजून शिल्लक होते. मग त्याच रात्री भारत बाहेर गेला, असं कसं म्हणता येतं? (मडगाव)

उत्तर : म्हणता येतं, कारण उरलेल्या सामन्यांत कोण कोणाशी खेळणार हे आधीच ठरलेलं होतं. पात्रता फेरीच्या आपल्या गटात भारत, सिंगापूर, हाँगकाँग आणि बांगलादेश असे चार संघ होते आणि फक्त पहिल्या क्रमांकाचा संघ पात्र ठरणार होता. त्या रात्रीनंतर सिंगापूर 8, हाँगकाँग 8, भारत 2, बांगलादेश 2 अशी स्थिती झाली. भारताने दोन्ही सामने जिंकले असते तरी बेरीज 8 च. पण सिंगापूर आणि हाँगकाँग यांचा आपसातला सामना 18 नोव्हेंबरला व्हायचा होता. त्यात कोणीही जिंकलं तर एकाचे 11 गुण, बरोबरी झाली तर दोघांचे 9. म्हणजे कुठल्याही निकालात 8 गुण अपुरेच. पुढे सिंगापूरने तो सामना जिंकला आणि तो संघ पहिल्यांदाच मैदानावरच्या गुणांवर आशियाई चषकात पोचला. (1984 मध्ये ते यजमान म्हणून खेळले होते.)

खरं सांगायचं तर गणित फातोर्ड्याला संपलं, बिघडलं मात्र त्याआधीच. 25 मार्चला शिलाँगमध्ये बांगलादेशशी 0-0. घरच्या मैदानावरचे दोन गुण तिथेच गेले. 10 जूनला हाँगकाँगमध्ये भरपाई वेळेच्या चौथ्या मिनिटाला पेनल्टीवर गोल खाल्ला आणि 0-1. 9 ऑक्टोबरला सिंगापूरमध्ये आपला बचावपटू संदेश झिंगन दोन पिवळ्या कार्डांवर बाहेर गेला, दहा जणांनी 90 व्या मिनिटाला 1-1 केलं, पण त्या कार्डामुळे पाचच दिवसांनी गोव्यात तो बचावात नव्हता. तिथे भारताच्या छांगटेने 14 व्या मिनिटाला लांबून मारलेल्या गोलनंतर सिंगापूरने 44 आणि 58 व्या मिनिटांना दोन गोल केले. फक्त सहा सामन्यांच्या गटात पहिली बरोबरीच महाग पडते. पुढे भरून काढायला सामनेच उरत नाहीत.

प्रश्न : सहा गटांतून तिसऱ्या क्रमांकाचे चार संघ पुढे जातात म्हणे. ते कसे ठरतात? घरी तक्ता करून मुलांना रोज भरायला द्यायचा आहे. (नाशिक)

उत्तर : दोन वेगळे तक्ते करा. बहुतेकांचा घोळ इथेच होतो, कारण गटाच्या आत एक नियम चालतो आणि गटांच्या दरम्यान दुसरा.

पहिला तक्ता गटाचा. दोन संघांचे गुण सारखे झाले तर आधी त्यांचा आपसातला निकाल पाहायचा, गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल) नंतर. 2019 चा आपलाच गट घ्या. थायलंड आणि बहारीन दोघांचे 4 गुण. थायलंडचा गोलफरक वजा 2, बहारीनचा शून्य. तरी थायलंड दुसरा, कारण त्यांनी बहारीनला 1-0 हरवलं होतं. तीन संघ सारख्या गुणांवर आले तर चौथ्या संघाविरुद्धचे सामने बाजूला ठेवून त्या तिघांचाच छोटा तक्ता मांडायचा. त्यातून एक वेगळा झाला आणि दोघे अजून सारखेच राहिले, तर त्या दोघांसाठी पुन्हा आपसातला सामना.

दुसरा तक्ता तिसऱ्या क्रमांकांचा. हे सहा संघ एकमेकांशी खेळलेलेच नसतात, त्यामुळे क्रम असा : गुण, मग सगळ्या सामन्यांतला गोलफरक, मग केलेले गोल, मग शिस्तीचे गुण, आणि शेवटी चिठ्ठी. सहा ओळी, चार रकाने. शिस्तीच्या रकान्यात पिवळ्या कार्डाला 1, दोन पिवळ्यांमुळे आलेल्या लालला 3, थेट लालला 3, आधी पिवळं आणि मग थेट लाल असेल तर 4. ज्याची बेरीज कमी तो वर.

हा रकाना नुसता शोभेचा नाही. 2019 मध्ये लेबनॉन दोन सामने 0-2 हरला आणि शेवटच्या दिवशी उत्तर कोरियाला 4-1 हरवलं. 3 गुण, 4 गोल केले, 5 खाल्ले. व्हिएतनाम इराकशी 2-3, इराणशी 0-2 हरला, येमेनला 2-0 हरवलं. तेही 3 गुण, 4 गोल, 5 खाल्ले. व्हिएतनामची पिवळी कार्डं 5, लेबनॉनची 7. व्हिएतनाम पुढे गेला, जॉर्डनला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून उपांत्यपूर्व फेरीतही पोचला. लेबनॉनने त्या दिवशी पाचवा गोल केला असता तर कार्डं मोजायची वेळच आली नसती.

किती गुण पुरतात? 24 संघांच्या गेल्या दोन स्पर्धांत (2019 आणि कतारची 2023 ची, जी प्रत्यक्षात 2024 च्या जानेवारी-फेब्रुवारीत झाली) 4 गुणांवरचा प्रत्येक तिसरा संघ पुढे गेला, 2 गुणांवरचा एकही नाही. 3 गुणांवर सगळी धाकधूक. 2024 मध्ये इंडोनेशिया वजा 3 गोलफरक घेऊनही पुढे गेला, कारण ओमानला शेवटच्या दिवशी किर्गिझस्तानला हरवता आलं नाही, सामना 1-1 सुटला. इंडोनेशियाचे खेळाडू आदल्या दिवशीच आपला शेवटचा सामना हरून निकालाची वाट पाहत बसले होते. एका गटाचे शेवटचे दोन सामने एकाच वेळी होतात, पण सगळे गट एका दिवशी संपत नाहीत. त्यामुळे 'ई' आणि 'एफ' गटांतल्या संघांना मैदानात उतरतानाच माहीत असतं की नेमकं काय करायचंय. आमच्या मते 24 संघांच्या रचनेतला हा खरा अन्याय आहे आणि त्यावर उपाय एकच, संघ 16 किंवा 32 करणं.

मुलांना एक सांगून ठेवा : 'ए' ते 'डी' या चार गटांच्या विजेत्यांसमोर कोण येणार, ही जागा शेवटचा गट संपेपर्यंत पेन्सिलनेही भरायची नाही. गेल्या दोन्ही स्पर्धांत तिसऱ्या क्रमांकाचे चार संघ याच चौघांच्या वाट्याला गेले. कोणते चार गट येतात याच्या 15 शक्यता असतात आणि प्रत्येकीची जोडणी नियमावलीत आधीच छापलेली असते. आणि तिसऱ्या क्रमांकाला कमी लेखू नका. जॉर्डन 2024 मध्ये गटात तिसरा आला आणि थेट अंतिम सामन्यात कतारशी खेळला.

प्रश्न : 2019 मध्ये थायलंडला 4-1 हरवूनही भारत गटात शेवटचा कसा आला? (सातारा)

उत्तर : वरचाच गट. अमिरात 5, थायलंड 4, बहारीन 4, भारत 3. शेवटच्या सामन्यात 90 मिनिटं बहारीनशी 0-0 होतं आणि भरपाई वेळेत बहारीनने पेनल्टीवर गोल केला. तो झाला नसता तर भारत 4, थायलंड 4, बहारीन 2. भारत-थायलंड यांच्यात आपसातला निकाल 4-1 आपल्या बाजूने, म्हणजे भारत थेट दुसरा. एका पेनल्टीने दुसऱ्या क्रमांकावरून चौथ्यावर.

प्रश्न : परदेशी क्लबांत भारतीय वंशाचे इतके खेळाडू आहेत. बांगलादेशने हमझा चौधरीला आणलं, मग आपण का आणत नाही? (कोल्हापूर)

उत्तर : कारण अडथळा फुटबॉलचा नाही, नागरिकत्वाचा आहे. फिफाला खेळाडूचं त्या देशाचं नागरिकत्व लागतं आणि सोबत त्या देशाशी नातं : जन्म, आई-वडील किंवा आजी-आजोबांचा जन्म, नाहीतर ठरावीक वर्षांचा रहिवास. हमझा इंग्लंडच्या 21 वर्षांखालील संघातून खेळला होता, वरिष्ठ संघातून नाही, आई बांगलादेशी, आणि बांगलादेश दुहेरी नागरिकत्व चालवून घेतो. ब्रिटिश पासपोर्ट न सोडता तो शिलाँगमध्ये आपल्याविरुद्ध उतरला.

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, त्यावर भारताकडून खेळता येत नाही. परका पासपोर्ट सोडायचा तर रीत अशी : ओसीआय होऊन पाच वर्षं पूर्ण हवीत आणि अर्जाआधीचे बारा महिने भारतात रहिवास हवा. युरोपात खेळणारा विशीतला खेळाडू हे करत नाही, कारण कामाचा परवाना आणि क्लब दोन्ही जातात. त्यामुळे हा मार्ग उपयोगी पडतो तो भारतातच खेळणाऱ्यांना. जपानमध्ये जन्मलेला इझुमी अराता 2012 मध्ये असाच भारतीय झाला. बंगळूरू एफसीचा रायन विल्यम्स, ज्याचं आजोळ मुंबईचं, त्याने 2025 मध्ये ऑस्ट्रेलियन नागरिकत्व सोडलं. तरी नोव्हेंबरमध्ये ढाक्याला बांगलादेशविरुद्ध तो खेळू शकला नाही, कारण पासपोर्ट हातात आला तरी आधीच्या देशाच्या महासंघाचं ना-हरकत पत्र आणि फिफाची मंजुरी हे वेगळे टप्पे असतात आणि ते वेळेत झाले नाहीत.

घाई अंगाशी कशी येते ते मलेशियाने दाखवलं. जून 2025 मध्ये त्यांनी व्हिएतनामला 4-0 हरवलं. सप्टेंबरमध्ये फिफाच्या शिस्तपालन समितीने मलेशियाच्या सात खेळाडूंवर बारा महिन्यांची बंदी घातली : आजी-आजोबांचा जन्म मलेशियातला दाखवणारे दाखले बनावट निघाले, मूळ नोंदी अर्जेंटिना, ब्राझील, स्पेन आणि नेदरलँड्समधल्या होत्या. कोल्हापूरच्या तालमींनी, म्हणजे तिथल्या फुटबॉल संघांनी, हे जरूर लक्षात ठेवावं. वयाच्या दाखल्यांचा खेळ आपल्याकडेही कमी नाही.

प्रश्न : मी दम्माममध्ये नोकरीला आहे. भाऊ रत्नागिरीहून येणार आहे. सामने कसे बसवावेत? (दम्माम)

उत्तर : तुम्ही जागेवरच आहात. खोबर तुमच्या शेजारी, गाडीने अर्ध्या तासाचं काम. रियाध सुमारे 400 किलोमीटर. दम्मामहून रेल्वे आहे, आणि रियाधमध्ये डिसेंबर 2024 पासून मेट्रो चालू आहे. जेद्दासाठी विमानच घ्या. नवखे लोक हरमैन रेल्वेच्या भरवशावर बेत आखतात, पण ती मक्का, जेद्दा आणि मदिना जोडते. रियाधला येत नाही.

सुट्टी शुक्रवार-शनिवारची, आणि अंतिम सामना 5 फेब्रुवारीला शुक्रवारीच आहे. त्यानंतर दोन-तीन दिवसांत रमजान लागण्याची शक्यता आहे, त्यामुळे भावाचं परतीचं तिकीट लांबवलंत तर दुकानं-हॉटेलांच्या बदललेल्या वेळा धरून चला. त्याला गरम कपडे आणायला सांगा. रियाध समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर आहे, जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो. जेद्दाला मात्र शर्टावर भागतं. व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात, म्हणून विमानाचं तिकीट व्हिसा हातात आल्यावरच काढा.

प्रश्न : बदली खेळाडू पाच, पण प्रशिक्षक कधी कधी दोन शिल्लक ठेवून हताश का दिसतात? (सांगली)

उत्तर : खेळाडू पाच असले तरी खेळ थांबवण्याच्या संधी तीनच. एकेक करून तीनदा बदल केला की उरलेले दोघे बाकावरच. मध्यंतरातला बदल या तिनांत मोजत नाहीत, म्हणून जाणते प्रशिक्षक तो वापरून घेतात. जादा वेळ झाला तर एक खेळाडू आणि एक संधी वाढते.

प्रश्न : वेळा कशा जुळवायच्या? (न्यू जर्सी)

उत्तर : भारत सौदीच्या अडीच तास पुढे. रियाधचे संध्याकाळचे 7 म्हणजे पुण्यात रात्रीचे 9.30, दुबई-मस्कतला 8, लंडनला दुपारचे 4, तुमच्याकडे सकाळचे 11 आणि कॅलिफोर्नियात सकाळचे 8. सिंगापूरला मध्यरात्र होते. सिडनीत पहाटेचे 3, आणि तेही दुसऱ्या दिवसाचे, त्यामुळे गजर लावताना तारीख बघून लावा.