आधी नंबर टिप, मग फोटो काढ

जुनी विमानं बघायची तर गोव्याला नंतर जा, सुरुवात मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रातल्या मारुत या भारतीय लढाऊ जेट विमानापासून कर. पाटी लगेच वाचू नकोस. आधी शेपटीमागे जाऊन उभा राहा. शेजारी शेजारी दोन धुराडी दिसतील, ती दोन ऑर्फियस इंजिनांची. जर्मन विमान-अभियंते कुर्ट टँक यांनी आखलेलं हे विमान 1961 मध्ये पहिल्यांदा उडालं, पण हवं तसं ताकदवान इंजिन त्याला कधी मिळालंच नाही. आता बाजूला ये आणि धड मध्यावर कसं कंबरेसारखं आवळलंय ते बघ. वेगात हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून ते तसं केलंय. एवढा देखणा बांधा आणि इंजिन अपुरं, मला अजून हळहळ वाटते.

शेपटीवरचा नंबर वहीत टिप. मी पहिल्या वर्षी ढिगाने फोटो काढले, नंबर एकाचाही नाही. घरी आल्यावर कुठलं विमान कुठलं, पत्ता नाही!

मग कोकणकन्या पकड. दाबोळीजवळच्या नौदलाच्या संग्रहालयात तीन शेपट्यांचं सुपर कॉन्स्टेलेशन आहे. नौदलात यायच्या आधी ते एअर इंडियाचं प्रवासी विमान होतं, नाव 'रानी ऑफ एलोरा'. त्याला तासभर दे. आणि पावसाळ्यात जाऊ नकोस, बरीच विमानं उघड्यावरच आहेत.