आजीच्या ओव्यांची कॅसेट सापडली, वाजवू का?

श्रावण लागला की मुलांच्या संगोपनाच्या या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. एरवी दात, ताप आणि झोप. आता गणेशचवथीला गावच्या घरी जायचं असतं, माळ्यावरच्या ट्रंका उघडलेल्या असतात आणि मूल पायात घुटमळत असतं. या वेळी तशीच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : माझ्या आजीच्या ओव्या आणि पाळण्याची गाणी मामाने एका कॅसेटवर भरून ठेवली होती. तीसेक वर्षांनी ती ट्रंकेत सापडली. आजी आता नाही. लेक दोन वर्षांची आहे, तिला ऐकवायचंय. शेजाऱ्यांकडे जुना टेपरेकॉर्डर आहे. वाजवू का? (वाळपई)

आज नको. आधी कॅसेट खिडकीपाशी नेऊन तिच्या पारदर्शक भागातून गुंडाळलेली फीत नीट बघा. फितीची कड सगळीकडे सारखी, गडद तपकिरी आणि गुळगुळीत दिसली पाहिजे. पांढरी भुकटी किंवा कोळिष्टकासारखं काही दिसलं तर ती बुरशी. अशी कॅसेट चालवली की फितीचे चिकटलेले पदर एकमेकांपासून फाटत सुटतात, आवाज धरून ठेवणारा थर खरवडला जातो आणि बुरशी मशीनमधून पुढच्या कॅसेटवर जाते. ती उन्हात ठेवू नका, स्पिरिटने पुसू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या, पुडीबरोबर बंद करा आणि जुन्या फिती उतरवून देणाऱ्या जाणकाराकडे द्या.

फीत स्वच्छ असेल तर पहिलं काम म्हणजे कॅसेटच्या वरच्या कडेवरचे दोन छोटे प्लॅस्टिकचे दात मोडणे. ते मोडले की रेकॉर्डचं बटण दाबलं जात नाही. जुन्या मशीनवर प्ले आणि रेकॉर्ड शेजारी शेजारी असतात, आणि दोन वर्षांची मुलगी मांडीवर असताना बोट कुठेही पडू शकतं.

मग कॅसेटच्या उघड्या बाजूला मधोमध असलेली फेल्टची छोटी गादी बघा. ती पातळ धातूच्या पट्टीवर चिकटवलेली असते आणि फितीला मशीनच्या हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरते. डिंक वाळून ती गळून पडलेली असते, आणि मग आवाज दबका, येत-जात येतो. कॅसेटला स्क्रू असतील तर दोन्ही रिळं दुसऱ्या स्क्रूच्या कॅसेटच्या खोक्यात बसवता येतात. कडा वितळवून चिकटवलेल्या असतील तर घरी सुरी घालू नका.

मशीनचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. रबराच्या चाकाला मात्र साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकंच बरं, कारण अल्कोहोलने रबर कडक होतं. आधी वाया गेली तरी चालेल अशी एखादी कॅसेट लावून बघा. गाणं ताणल्यासारखं, लडबडतं वाजलं तर मशीनची चाकं फिरवणारा बेल्ट सैल आहे. तो बदलल्याशिवाय आजीची कॅसेट आत जाता कामा नये. पहिल्यांदा लावाल तेव्हा फीत टोकापर्यंत पुढे नेऊन परत मागे आणा, म्हणजे वर्षानुवर्षं दाबून बसलेले पदर मोकळे होतात. मशीन कुरकुरलं तर तिथेच थांबा.

आवाज संगणकात घ्यायला टेपच्या हेडफोनच्या भोकातून ३.५ मिमीच्या पिनांची वायर लागते. नव्या लॅपटॉपला हेडफोन आणि माइक मिळून बहुधा एकच भोक असतं, त्यामुळे लाइन-इन (बाहेरचा आवाज आत घेणारं भोक) असलेला छोटा यूएसबी जोड घ्यावा लागेल. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, वेव्ह फाइल ठेवा. ६० मिनिटांच्या कॅसेटला साधारण ६०० एमबी जागा लागते. आवाजाचा काटा सर्वात मोठ्या सुरालाही उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असा ठेवा. एकदा आवाज फाटला की तो नंतर सांधता येत नाही.

खरखर काढून टाकायचा मोह होतो. काढा, पण वेगळ्या प्रतीवर. खरखरीबरोबर ‘स’ आणि ‘श’ची धार जाते, ओवीच्या शेवटी लांबवलेला ‘गे’ मध्येच तुटतो. मूळ फाइल आहे तशी संगणकात, एका हार्डडिस्कवर आणि दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ठेवा. लेकीला झोपवायला फोनवर एमपीथ्री पुरे.

घरात आणखी कोणी गाणारं असेल तर चवथीची वाट बघू नका. फोन एअरप्लेन मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन घडी केलेल्या टॉवेलवर हातभर अंतरावर ठेवा. सुरुवातीला नाव, गाव, तारीख तोंडाने सांगा. पत्र्याचं छप्पर असेल तर पावसाची उघडीप बघूनच बसा. ‘गाणं म्हण’ म्हटलं की म्हातारी माणसं लाजतात. नारळ खोवताना, भाजी निवडताना आपोआप सुरू होतं.

प्रश्न : माझ्या लहानपणीचा अल्बम चिकट पानांचा, वर प्लॅस्टिकवाला आहे. फोटो पिवळे पडलेत, काहींवर पांढरे ठिपके आहेत. मुलाला दाखवायला काढायला गेले तर कोपरा फाटला. (म्हापसा)

त्या काळी हे अल्बम प्रत्येक लग्नात आहेर म्हणून यायचे आणि फोटोंचं सर्वाधिक नुकसान त्यांनीच केलं. पानावरचा गोंद पिवळा पडून आधी सुटतो नाहीतर कायमचा धरतो, आणि प्लॅस्टिक ओल आत कोंडून ठेवतं. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता बरेचदा ८५ टक्क्यांच्या वर असते. बुरशीला ६५ पुरतात.

फोटो बोटाने ओढू नका. मेण नसलेला दात साफ करायचा दोरा घ्या, फोटोच्या एका कोपऱ्यामागे सरकवा आणि करवतीसारखा हळूहळू पुढेमागे नेत खालपर्यंत आणा. अडला तर सोडून द्या आणि पानासकटच फोटो काढून घ्या. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा मारायचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने गोंद सैल होतो हे खरं, पण फोटोचा वरचा थरही मऊ पडतो. आमच्या मते नकोच.

पांढऱ्या ठिपक्यांना ओलं फडकं अजिबात लावायचं नाही. जुन्या फोटोंवरची प्रतिमा जिलेटिनच्या थरात असते आणि बुरशीने ते जिलेटिन पाण्यात विरघळण्याइतकं कमकुवत झालेलं असतं. पुसलंत तर ठिपक्याबरोबर चेहराही जाईल. कोरडा दिवस बघा, व्हरांड्यात बसा, तोंडाला मास्क लावा आणि रंगकामाच्या मऊ ब्रशने ठिपके घरापासून उलट दिशेला झटका. मूल त्या वेळी आजूबाजूला नको. काचेला चिकटलेली तसबीर असेल तर काचेसकटच स्कॅन करा.

स्कॅन करताना ४×६ इंची फोटोला ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) पुरे. निगेटिव्ह असतील तर त्याच आधी करा, २४०० किंवा वर, कारण रंग तिथे जास्त टिकलेले असतात. स्कॅनर नसेल तर फोटो खिडकीजवळ सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा, फोन अगदी समांतर धरा.

ठेवायला आम्लरहित कागदाची पाकिटं आणि घट्ट झाकणाचा डबा हवा. नाव आणि साल पाकिटावर पेन्सिलने लिहा, फोटो आत घालण्याआधी. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहिलं की अक्षरं पुढे उमटतात. डब्यात सिलिका जेल घाला. रंग बदलला की ते ओलं झालं, ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास ठेवून परत वापरता येतं. निळं नको, केशरी घ्या. निळ्यात कोबाल्ट असतं आणि ते दाणे मुलांना गोळ्यांसारखे वाटतात.

प्रश्न : सासूबाई हळदीच्या पानातल्या पातोळ्या अंदाजाने करतात, माप विचारलं की हसतात. माझ्या एक तर पानाला चिकटतात, नाहीतर शिजताना उलतात. सहा वर्षांच्या मुलाला शेजारी बसून करायच्या असतात. (फोंडा)

साधारण बारा पातोळ्यांना एक वाटी तांदूळ, चार तास भिजवून, अर्ध्या वाटीपेक्षा कमी पाण्यात चिमूटभर मीठ घालून गंधासारखे वाटा. पान तिरपं धरलं तर पीठ ओघळता कामा नये, ही खरी परीक्षा. चुणासाठी, म्हणजे आतल्या सारणासाठी, दोन वाट्या खोवलेला नारळ, पाऊण ते एक वाटी गूळ, शेवटी अर्धा चमचा वेलचीपूड. माडाचा काळा गूळ घेतलात तर चूण थोडं जास्त वेळ आटवा, त्याला पाणी अधिक सुटतं. चूण पूर्ण गार होऊ द्या.

उलतात त्याचं कारण बहुतेक वेळा इथेच असतं. चुणात पाक राहिला की वाफेने तो पातळ होतो आणि घडीची कड उघडून बाहेर येतो. दुसरं कारण हाव. चूण पानाच्या अर्ध्याच भागावर, पातळ ओळीत घालायचं.

हळदीचं पान धुऊन पूर्ण कोरडं पुसा. मागची जाड शीर सुरीने तासून घ्या, नाहीतर घडी बसत नाही. पीठ बोटं पाण्यात बुडवून दोन-तीन मिलिमीटर जाडीचं पसरा, कडेला अर्धा इंच पान मोकळं ठेवा, उभी घडी घालून अलगद दाबा. मोदकपात्रातलं पाणी आधी उकळलेलं हवं. झाकणाला फडकं बांधा, म्हणजे थेंब पडत नाहीत. मध्यम आचेवर १२ ते १५ मिनिटं. पानाचा हिरवा रंग मरून शेवाळी झाला की झालं. चिकटतात त्या गरम गरम सोलल्यामुळे. बाहेर काढून पाच मिनिटं थांबा, मग पान देठाकडून सोला, पातोळी शिरांच्या नक्षीसकट सुटेल.

पीठ पसरणं हे मुलाचंच काम. लहान बोटांना ते मोठ्यांपेक्षा चांगलं जमतं. त्याला सर्वात लहान पानं द्या आणि जाड झाली तरी दुरुस्त करू नका, तेवढी त्याचीच म्हणून वेगळी वाढा. झाकण उघडताना मात्र त्याला लांब ठेवा आणि झाकण स्वतःपासून उलट दिशेला उचला. वाफेचा चटका उकळत्या पाण्याइतकाच भाजतो.

प्रश्न : मुलगी २२ महिन्यांची. आजी-आजोबा कोंकणीत बोलतात, आम्ही मराठीत, पाळणाघरात इंग्रजी-हिंदी. शब्द कमी आहेत. एक भाषा बंद करा असं सगळे सांगतात. (डिचोली)

बंद करू नका. जास्त भाषांमुळे बोलणं मागे पडत नाही. शब्द मोजताना सगळ्या भाषांचे मिळून मोजा, ‘उदक’ आणि ‘पाणी’ दोन्ही धरा. ‘उदक दे’ म्हणण्यात दोन भाषा एकत्र आल्या तरी ते वाक्यच. दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा हाक मारल्यावर वळत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि आधी कान तपासून घ्या.

प्रश्न : बाळ सात महिन्यांचं. आई म्हणते नाचणीचं सत्त्वच द्यायचं, पण पावसात ते वाळत नाही, वास येतो. (सांखळी)

वास आला तर टाकून द्या, भाजून किंवा शिजवून वापरू नका. बुरशी मरते, पण तिचं विष उरतं. पावसाळ्यात सत्त्व वाळवायच्या भानगडीत न पडता ओलंच वापरा. नाचणी रात्रभर भिजवा, ओल्या फडक्यात दिवसभर बांधून मोड आणा. दमट हवेत ती बुळबुळीत होते, म्हणून दोनदा धुऊन फडकं बदला. मग वाटून गाळा, भांडं फ्रीजमध्ये ठेवा, चार तासांत सत्त्व तळाला बसेल. वरचं पाणी ओता. चमचाभर सत्त्व वाटीभर गार पाण्यात कालवून मगच आचेवर ठेवा. थेट गरम पाण्यात घातलंत तर गुठळ्या होतात. सतत ढवळत सात-आठ मिनिटं शिजवा. राहिलेलं त्याच दिवशी संपवा.

गाळल्याने कोंडा जातो आणि नाचणीतलं बरंचसं कॅल्शियम कोंड्यातच असतं. म्हणून नववा महिना लागला की हळूहळू न गाळलेल्या पिठावर या. वर्षापर्यंत मीठ, साखर, गूळ नको. मध तर चाटवायलासुद्धा नको, त्यातल्या जिवाणूंचा लहान बाळाला धोका असतो. गूळ आणि नारळाचं दूध घातलेलं नाचणीचं गोड तिझान पहिल्या वाढदिवसानंतर.

प्रश्न : मुलगा पाच वर्षांचा. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळं-पानांची चौकट) बांधताना त्याला दूर ठेवावं लागतं आणि तो रडतो. त्याला काय करू देता येईल? (पेडणे)

शिडी आणि नारळाचं काम सोडून बरंच काही. केवणीच्या सालीचा दोर आधी भिजवलात तर मऊ होतो, मग घागऱ्यांच्या रानशेंगांचे आणि आंबाड्यांचे घोस त्याला खाली बसून बांधता येतील. कुठलं फळ कुठून आणलं आणि आजी त्याला काय म्हणते हे एका वहीत लिहा, शेजारी त्याचं चित्र त्याला काढू द्या. पुढच्या वर्षी तीच वही घेऊन बाजारात जा.

कवंडळ दिसायला लालचुटुक, पण खायचं नाही, हे फळ हातात देतानाच सांगा. काजऱ्याची (कुचल्याची) केशरी फळं रानातून येताना सोबत आली तर घरात घेऊच नका, बियांत स्ट्रिकनीन हे जहाल विष असतं. बांधून झालं की त्याचे हात साबणाने धुवा. जड नारळ, तवशी (मोठ्या काकड्या), चिबूड चौकटीच्या मुख्य पट्ट्यांनाच बांधा, मधल्या काड्यांना नाही, आणि समईच्या ज्योतीवर सुकणारी पानं लोंबत नाहीत ना ते रोज संध्याकाळी बघा.