नोकरी सोडताना डोक्यातलं सगळं कंपनीला लिहून द्यायचं का? नॉलेज मॅनेजमेंटमध्ये, म्हणजे माणसांकडचं ज्ञान कंपनीसाठी जपून ठेवण्यात आणि वाटण्यात, नैतिकता कुठे येते?

चालू कामाचा हँडओव्हर द्यायचाच. डॉक्युमेंट, कोड, क्लायंटची यादी हे कंपनीचंच, त्यात वाद नाही. खरी गोची अनुभवातून आलेल्या ज्ञानाची आहे, कुठलं मशीन कधी कुरकुरतं, कुठल्या ग्राहकाशी कसं बोलायचं, हे वर्षानुवर्षं काम करून कळलेलं असतं आणि कंपनी म्हणते सगळं विकीवर (कंपनीच्या आतल्या माहितीच्या साइटवर) टाक, आणि मग महिनाभरात त्याच माणसाला नारळ. आधीच ठरलेलं असताना गोड बोलून लिहून घेणं ही माझ्या मते सरळ फसवणूक, कायद्यात बसली तरी.

श्रेयाचंही तेच, ज्युनियरने शोधलेला उपाय मॅनेजरच्या नावाने प्रेझेंटेशनमध्ये जातो (हे तर सर्रास चालतं).

आणि आता चॅट, ईमेल सगळं न विचारता एआय टूलला खायला घालतात. युरोपात 2018 पासून जीडीपीआर हा वैयक्तिक डेटा जपणारा कायदा लागू आहे, त्यात एका कारणासाठी घेतलेला वैयक्तिक डेटा न जुळणाऱ्या दुसऱ्या कामाला सहसा वापरता येत नाही.

मुद्दाम माहिती दाबून ठेवणारे सिनियरही असतातच, पण त्यातले बरेच नोकरी जाईल या भीतीने गप्प असतात, त्यांना नुसतं ट्रेनिंग देऊन काही होत नाही.