किमान रक्कम भरली, तरी व्याज का?

प्रश्न : क्रेडिट कार्डाचे २०,००० रुपयांचे बिल आले असता मी मुदतीत १,००० रुपये ही किमान देय रक्कम भरली. तरीही पुढच्या बिलात व्याज लागले, तेही महिन्याच्या नव्या किराण्यावरसुद्धा. हे नियमाला धरून आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : होय. किमान रक्कम भरल्याने केवळ विलंब शुल्क टळते; मागची बाकी राहिली की बिनव्याजी मुदत संपते आणि नव्या खरेदीवरही, ती केल्याच्या दिवसापासून, व्याज सुरू होते. दरमहा साडेतीन टक्के दर धरल्यास उरलेल्या १९,००० रुपयांवर महिन्याला ६६५ रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ७८५ रुपये होतात; तेव्हा पुढच्या महिन्यात पुन्हा हजारच भरलेत, तर मुद्दल जेमतेम २१५ रुपयांनी उतरेल. म्हणून संपूर्ण बाकी फिटेपर्यंत किराणा रोखीने किंवा थेट बँक खात्यातून यूपीआयने घ्यावा, आणि मुदत ठेव असल्यास ती मोडूनही हे देणे आधी चुकते करावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण कोणतीही ठेव एवढे व्याज देत नाही. कार्डावर एटीएममधून रोख मात्र काढू नये; तिला बिनव्याजी मुदत सहसा नसते.