पार्लर बंद करायचं का? आधी वही उघडा

ताई, तुम्ही लिहिलंय की पार्लर सुरू होऊन पाच महिने झाले, भाडं आणि मदतनीस मुलीचा पगार तुम्ही पदरचा घालताय, कधीकधी दिवसभरात दोनच बायका येतात आणि घरचे म्हणतायत, आता पुरे. पण नुसता गल्ला बघून निर्णय घेऊ नका. नव्या पार्लरचा गल्ला पहिल्या काही महिन्यांत कमीच असतो. एकदा आलेली बाई परत आली का, ते बघा.

आपल्या धंद्यात हे तपासणं सोपं आहे, कारण केस वाढायचे थांबत नाहीत. आयब्रो तीन-चार आठवड्यांत पुन्हा कराव्या लागतात, वॅक्सिंग जेमतेम महिनाभर टिकतं, रूट टचअपला, म्हणजे रंगवलेल्या केसांची वाढलेली मुळं पुन्हा रंगवायला, ४ ते ६ आठवडे. म्हणजे पहिल्या महिन्यात थ्रेडिंग करून गेलेल्या बाईने त्यानंतर दोन-तीनदा तरी ते केलंच असणार. तुमच्याकडे नाही तर दुसरीकडे.

पहिल्या दोन महिन्यांतली नावं काढा. प्रत्येकीपुढे लिहा: काय केलं, कोणी केलं, परत कधी आली. नात्यातल्या, मैत्रिणी आणि सुरुवातीच्या सवलतीला आलेल्या बायका यातून वगळा. सवलतवाल्या पुढच्या सवलतीकडे जातातच, त्यांचं मनाला लावून घेऊ नका. उरलेल्यांपैकी निम्म्या जरी परत येत असतील, तर माझ्या मते धंदा धरून ठेवण्यासारखा आहे. तुमचा हात चांगला आहे, फक्त तो अजून पुरेशा लोकांना माहीत नाही.

त्या येतच नसतील, तर नुसती वाट बघून काही होणार नाही. एक भुवई दुसरीपेक्षा बारीक झाली किंवा वॅक्स जास्त गरम लागलं, तरी बाई आरशात बघून ‘छान झालंय’ म्हणते, पैसे देते आणि पुन्हा फिरकत नाही. तक्रार करणारी परवडली! अशा दोघी-चौघींना फोन करा. ‘आला का नाहीत?’ असं विचारलंत तर कामात होते, एवढंच ऐकायला मिळेल. ‘मागच्या वेळी काही दुखलं का, आग झाली का?’ असं विचारा, मग बोलतात. आणि ‘कोणी केलं’ हा रकाना नीट बघा. तुमच्या हातच्या येतायत आणि मुलीच्या हातच्या येत नाहीत, असं दिसलं तर पार्लर बंद करायची नाही, तिला शिकवायची गरज आहे.

आता पैशाचं. भाडं, पगार, वीज, हप्ता यांची महिन्याची बेरीज करा. एका गिऱ्हाइकामागे सामान वजा जाता सरासरी किती उरतं ते काढा आणि त्याने बेरजेला भागा. जो आकडा येईल तितकी गिऱ्हाइकं महिन्याला हवीत, तेव्हा कुठे खर्च भागेल. तुमची मजुरी अजून त्यात धरलेलीच नाही. मग स्वतःला विचारा, दोन खुर्च्या सकाळपासून रात्रीपर्यंत भरलेल्या असल्या, तरी इतकी कामं महिन्यात बसतात का? बसत नसतील तर जागाच महाग आहे. तिथे कितीही चिकाटी धरली तरी उपयोग नाही. छोटी जागा बघा किंवा एक खुर्ची दुसऱ्या ब्युटिशियनला भाड्याने द्या.

खुर्च्या, आरसे, फर्निचर यांवर घातलेला पैसा या हिशोबात आणू नका. पार्लर चालवलं काय, बंद केलं काय, तो गेलाच. ‘एवढा खर्च केला म्हणून’ आणखी वर्षभर भाडं भरणारे मी पाहिलेत.

आकडे जुळत असतील तर अजून तीन महिने द्या, म्हणजे थ्रेडिंगच्या जवळजवळ चार फेऱ्या बघायला मिळतील. पण आणखी किती पैसे घालायचे, तो आकडा आजच घरच्यांसमोर लिहून ठेवा. भाडं भरायला नवं कर्ज मात्र काढू नका, याबाबतीत मी हट्टी आहे. स्वस्त पडतं म्हणून क्रीमचे मोठे डबेही आत्ता भरू नका. डब्यावर उघड्या झाकणाचं चित्र आणि ६ किंवा १२ आकडा असतो, उघडल्यावर तितकेच महिने ते वापरायचं. कमी गिऱ्हाइकांत अर्धा डबा फेकावा लागतो.

भाडेकरारात जागा सोडायची नोटीस किती महिन्यांची आहे, तेही आज बघून घ्या. ती तीन महिन्यांची असेल, तर वाट बघायची मुदत संपल्यावरही तीन महिन्यांचं भाडं द्यावं लागेल, आणि ते तुमच्या त्या आकड्यात आधीच धरायला हवं.