ख्रिस्ती असूनही चिंता सुटत नाही, मग देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की रात्री अडीच-तीनला जाग येते, छाती धडधडत असते, प्रार्थनेला बसलं तर शब्द सुचत नाहीत. त्यात कुणी 'देवावर सोपवून दे' म्हणालं की आपलाच विश्वास कच्चा आहे असं वाटायला लागतं. आधी त्या शेवटच्या वाक्याबद्दल बोलते, कारण चिंतेपेक्षा तेच जास्त पोखरतं.

माझ्या नवऱ्याच्या गाठीचा तपासणी अहवाल यायचा होता, तेव्हाचे अकरा दिवस मला अजून आठवतात. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीने मला बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातलं 'कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका' हे वचन ऐकवलं आणि म्हणाली, 'तू अजून घाबरतेस म्हणजे तू ते मनापासून घेतलेलं नाहीस.' हेतू चांगलाच असणार. पण त्या रात्री माझ्या उशाशी भीती होतीच, तिच्या जोडीला अपराधीपणाही येऊन बसला.

पुढे मी ते वचन ज्यात आहे तो चौथा अध्याय कितीतरी वेळा सावकाश वाचला. प्रेषित पौलाने हे पत्र बंदिवासातून लिहिलंय, आपल्या खटल्याचा निकाल जीवन की मरण हे ठाऊक नसताना. आणि चिंतेचं ते सहावं वचन आपण नेहमी मागचं तोडून म्हणतो. पाचव्या वचनाच्या शेवटी तो म्हणतो, प्रभू समीप आहे. मग म्हणतो, चिंता करू नका. लहान मूल अंधारात रडत असताना आई दाराबाहेरून 'गप्प बस' म्हणाली तर ते दरडावणं असतं. तीच आई शेजारी येऊन बसली आणि 'घाबरू नको, मी आहे' म्हणाली तर तो दिलासा. पौलाचं वाक्य या दुसऱ्या जातीचं आहे.

आणखी एक गोष्ट. हाच पौल करिंथकरांना दुसऱ्या पत्रात, अकराव्या अध्यायात, आपण काय काय सोसलं ते सांगताना शेवटी सांगतो की रोज माझ्यावर सगळ्या मंडळ्यांच्या चिंतेचं ओझं असतं. मूळ ग्रीकमध्ये हा शब्द आणि फिलिप्पैकरांना 'करू नका' म्हणून सांगितलेला शब्द एकाच धातूचे आहेत. म्हणजे चिंता त्यालाही होती आणि ती त्याने लपवली नाही. फिलिप्पैकरांच्या त्याच अध्यायात सातव्या वचनात देवाची शांती तुमची अंतःकरणं 'राखील' असं म्हटलंय, तिथला ग्रीक शब्द पहाऱ्यावरच्या शिपायांसाठी वापरत. राखण तिथेच लागते जिथे धोका अजून टळलेला नसतो. हे कळलं तेव्हा मला फार हलकं वाटलं.

म्हणून मला वाटतं, भीती वाटणं म्हणजे अविश्वास नव्हे. ती भीती घेऊन आपण कुणाकडे जातो, तिथे विश्वासाचा प्रश्न येतो. वादळात येशू नावेच्या मागच्या भागात उशीवर झोपला होता आणि शिष्यांनी त्याला उठवून विचारलं, आम्ही बुडतोय, तुला काही वाटत नाही का? ही काही नीटनेटकी प्रार्थना नव्हे, हा जवळजवळ आरोप आहे. पण त्यांनी तो त्याच्याच तोंडावर केला. मार्काच्या शुभवर्तमानात त्याने आधी वारा थांबवला आणि त्यांच्या विश्वासाबद्दल नंतर विचारलं. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत, तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत 'किती काळ?' हा प्रश्न चार वेळा येतो. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी एकही उजेडाची ओळ नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तुम्हाला शब्द सुचत नसतील तर हे उसने घ्या. ते त्यासाठीच ठेवलेत.

विसाव्याबद्दल बोलायचं तर मी दरवेळी एलीयाकडे जाते. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने पळत सुटतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि देवाजवळ मरण मागतो. त्यावर देवाने काय केलं ते १ राजे, अध्याय १९ मध्ये बघा. प्रवचन दिलं नाही, विश्वासाची परीक्षाही घेतली नाही. त्याला झोपू दिलं. देवदूताने हात लावून उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. तो परत झोपला. परत उठवून खायला घातलं, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नव्हती. त्याच्याशी खरं बोलणं झालं ते होरेब डोंगरावर पोहोचल्यावर. थकलेल्या शरीराला देव आधी शरीराचाच विसावा देतो. तुम्ही रात्रभर जागून 'जास्त प्रार्थना' करायचा प्रयत्न करताय असं तुमच्या प्रश्नावरून वाटतं. कृपा करून तसं करू नका. झोपणं हीसुद्धा सोपवून देण्याचीच कृती आहे. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात दिवस मोजताना संध्याकाळ आधी येते आणि सकाळ मागून. आपण आडवे होतो तेव्हा देवाचा दिवस सुरू झालेला असतो.

येशूने म्हटलंय, 'अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन.' पुढच्याच वाक्यात तो जू घ्यायला सांगतो. दमलेल्या माणसाला जू कशाला, असं मला पूर्वी वाटायचं. पण जू दोन माना जोडतं. तो 'माझं जू' म्हणतो, म्हणजे दुसरी मान त्याची. ओझं नाहीसं होईल असं वचन त्याने मला दिलेलं नाही, ते एकटीने ओढावं लागणार नाही असं दिलंय.

नेमकं काय करायचं, हे तुम्ही विचारलंय. मी करते ते सांगते. झोपण्याआधी वहीत भीतीचं नाव लिहिते, अगदी उघड: 'प्रभू, मला पैशाची भीती वाटतेय', 'मला एकटं पडायची भीती वाटतेय'. मोघम 'सगळं सांभाळ' म्हणत नाही, कारण मोघम भीती सोपवता येत नाही, ती हातात सापडतच नाही. त्यातलं उद्या माझ्या हातून होण्यासारखं काय आहे, तेवढ्याखाली रेघ मारते. बाकीचं मोठ्याने वाचून वही मिटते. रानात इस्राएल लोकांना देवाने दिलेला मान्ना, म्हणजे रोजचं अन्न, एका दिवसापुरताच मिळायचा, उद्यासाठी राखलेला नासायचा. आठवड्यात एकच रात्र वेगळी होती, शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदली. तेव्हा राखलेला टिकायचा, म्हणजे विसाव्याची सोयही देवानेच केलेली. पुढच्या महिन्याचं धैर्य आज मागून मिळत नाही, हे मी बऱ्याच रात्री रडून शिकले.

आणि कुणा एकाला सांगा. पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उकलून येशूपुढे सोडलं, तेव्हा येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला असं मार्क लिहितो. खाटेवरच्या माणसाने एक शब्दही काढल्याची नोंद नाही. काही दिवस दुसऱ्यांच्या विश्वासावर उचलून नेलं जाणं यात कमीपणा नाही.

धडधड, जागरण आठवड्यांमागून आठवडे चालू असेल तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. जगू नये असे विचार येत असतील तर आजच जा, आणि तोवर एकटे राहू नका. पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला पोटाच्या दुखण्यावर उपाय सांगितला, फक्त प्रार्थना कर म्हणाला नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता. गोळी घेतल्याने भरवसा कमी होत नाही.

आज रात्री चौथं स्तोत्र म्हणून बघा. आठच वचनं आहेत, शेवटचं झोपेबद्दलच आहे. झोप लागली नाही तर पुन्हा पहिल्यापासून म्हणा, घाई नाही. तुमचं नाव मला माहीत नाही, पण माझ्या वहीत आज 'अडीच वाजता जाग येणारी ती व्यक्ती' असं लिहून तुम्हाला प्रभूपुढे ठेवणार आहे.